अस्सलबरहुकूम

मानपूरच्या बसमध्ये मुंगीसरांनी
सात जणांना सात चिठ्ठ्या दिल्या :
जानापावच्या वाटेवर कुठलं फूल, कितव्या वळणाला.
माझ्या चिठ्ठीत पाचवं नाव तेरडा.
"तुम्ही तर ओळखालच," ते म्हणाले,
आणि मी शेवेची पुडी उघडता उघडता
मान डोलावली. खोटी.

अठ्ठावीस वर्षं इंदूरच्या कोर्टात
नकला विभागात बसते मी.
शिक्क्यावर 'सत्यप्रतिलिपि' असतं,
वडील त्यालाच अस्सलबरहुकूम म्हणत.
तेरडा हा शब्द आमच्या घरी तसाच आला,
कुणा खापरपणजोबाबरोबर, संगमेश्वराकडून,
फौजेच्या सामानात,
फुलाशिवाय.

तेरड्याचा रंग तीन दिवस,
आई म्हणायची. नव्या साडीला म्हणायची,
नव्या मोलकरणीला, नव्या कलेक्टरला,
एकदा माझ्या लग्नाला.
(ते तिच्या हिशोबापेक्षा थोडं जास्त टिकलं.)
गौरींना मात्र राजवाड्यापाशी
पाटीत जे गुलाबी दिसेल ते घ्यायचो
आणि त्यालाच तेरडा म्हणायचो.
मूळ कागद
कुणी मागितलाच नाही.

देवळाकडे गाड्या जातात तो रस्ता सोडला
की वाट सोयाबीनच्या कडेनं चढते.
केना निळा, ओला, थेट पायात.
बांधावर कुर्डूची टोकं,
टोकाला गुलाबी, खाली पांढरी,
जणू कुणी रंगात बुडवून
मध्येच हाक आली म्हणून ठेवून गेलं.
मुंगीसर मोजतात, लिहितात, पुढे होतात.
मागोमाग पाच टोप्या धुक्यात शिरतात.
माझा डावा गुडघा
दर वळणावर पुढची तारीख मागतो.

"कंई ढूँढो, बई?"
शेतात विळा घेऊन एक पोरगी. थावरी.
दहाची असेल, किंवा बाराची.
मी तेरडा म्हटलं. तिला कळेना.
मग वाचलेलं सगळं सांगून पाहिलं :
गुलाबी, मागे शेपटीसारखा काटा,
बोंडाला हात लावला की फुटतं.
"गुलमेंदी!" ती हसली
आणि दोन्ही हातांची नखं माझ्यापुढे धरली,
विटेसारखी लाल.

बांधाखाली तणाचा ढीग होता.
केना होता, कुर्डू होता,
माझ्या चिठ्ठीतलं तिसरं नि चौथं नाव
मुळासकट.
आणि त्यावर आडवा पडलेला
तो.
"बकरी नी खाय," ती म्हणाली, म्हणून वेगळा टाकलेला.
कधी उपटला?
तिनं बोटं मोजली. "चार दन वईग्या."

चार.
देठ पाण्यानं भरलेला, काचेसारखा,
आडव्याचा पुन्हा आभाळाकडे वळलेला,
आणि शेंड्याला दोन फुलं,
त्यातलं एक आज सकाळचं.
बोंड मी नुसतं चिमटीत धरलं.
ते तडकन उलटं गुंडाळलं गेलं,
बिया मनगटावर, चष्म्यावर,
एक पदराच्या घडीत.
मी ओरडले असणार,
कारण थावरी बराच वेळ हसत होती.

मग तिनं दगडावर पाकळ्या ठेचल्या,
माझ्या करंगळीवर लेप दिला,
वर पळसाचं पान, वर सुतळी.
"रात लग मत खोलजो."

उतरताना मुंगीसरांनी विचारलं,
पाचवा दिसला का?
मी सुतळी दाखवली. त्यांनी
लागलं का हो, म्हणून डबीतून मलम काढलं.

रात्री आईला फोन केला.
म्हटलं, तेरडा पाहिला. खराखुरा.
पलीकडे टीव्ही चालू होता, तो तिनं बंद केला.
एक्याऐंशी वर्षांची आहे.
जरा वेळानं,
कुणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाली,

"कसा असतो गं?"